पुंजा भोयेचं मनोगत

—बसा, बसा मॅडम, ती खुर्ची कोणाची नाही. म्हणजे आहे, वनखात्याच्या साहेबांची आहे, पण ते टेबलावर टिकतच नाहीत, फोन आला की बाहेर. प्रत्येक टेबलावर एक शास्त्रज्ञ, एक शिक्षक, एक वनखात्याचा माणूस आणि एक गावकरी — असं कागदावर आहे. शास्त्रज्ञ तुम्ही. बिल्ल्यावर वाचलं, डॉक्टर मृण्मयी, पुणे. शिक्षक मी. गोटीराम बागुल. कळवणच्या वर डोंगरात आंबेमाळ म्हणून पाडा आहे, तिथल्या शाळेचा मुख्याध्यापक. मुख्याध्यापक म्हणजे शाळेत शिक्षक मी एकटाच, तेव्हा तक्रार करायची झाली तर मीच माझ्याकडे करतो. आणि गावकरी — तो बघा, पहिल्या रांगेत, पांढरी टोपी. पुंजा भोये. सकाळी नऊपासून तिथंच बसलाय, चहालासुद्धा उठला नाही. खुर्ची जाईल म्हणतो.

कार्यशाळा चांगलीय हो. मी स्पष्ट बोलतो, राग मानू नका — वणवा लागतो आमच्या डोंगरात आणि चर्चा अंबडच्या हॉटेलात, एसी सोळावर. आग रामेश्वरी न् बंब सोमेश्वरी. पण सगळ्यांनी एकत्र बसणं महत्त्वाचं, ते काही मी नाकारत नाही. सकाळी ते पाहुणे म्हणाले ना, संशोधकाला जे माहीत असतं ते शिक्षकाला नसतं, शिक्षकाला असतं ते वनखात्याला नसतं — अगदी खरं बोलले. मी तर म्हणतो, काही गोष्टी माहीत नसलेल्याच बऱ्या. तुमच्या उपग्रहाला वरून लाल ठिपका दिसतो, हात कोणाचा ते दिसत नाही. हो ना? नाहीच दिसत ना? खात्रीनं सांगताय ना? बरं.

स्टेजमागचा तो मोठा फोटो बघितला का? आमच्या शाळेचा आहे. पोरं फांद्यांनी आग झोडपताहेत, मागे धूर, मीना न् भाग्यश्री या दोन पोरी बॅनर धरून. दोन वर्षं झाली. 'वणवामुक्त शाळा' म्हणून पुरस्कार मिळाला आम्हाला त्यावर. डोंगर गेला सगळा, पण फोटो चांगला आला.

वणवा कोणी लावला काय — पुंजानंच की. तेच तर मनोगत आहे त्याचं आता, पत्रिकेत बघा, 'एका वणवा लावणाऱ्याचे परिवर्तन'. मोहाखालचा पाला जाळला की फुलं वेचायला सोपी जातात, आमच्याकडे सगळेच जाळतात. यानं त्या फोटोच्या आदल्या दिवशी जाळला, विझवला, घरी गेला. दुसऱ्या दिवशी वाऱ्यानं निखारा उडाला न् डोंगर पेटला. महेश म्हणून वनखात्याचा गार्ड आहे, त्यानं केस केली. तेव्हापासून तारखा चालू आहेत — पहाटे उठायचं, टोपी धुतलेली घालायची, एसटी पकडायची, दिवसभर व्हरांड्यात बसायचं, पुढची तारीख घेऊन यायचं. मग मीच साहेबांशी बोललो. म्हटलं, म्हातारा माणूस आहे, सगळ्यांसमोर चूक कबूल करील, शपथ घेईल, तुम्ही तेवढी केस मिटवायचं बघा. साहेब म्हणाले बघतो. आठ दिवस पाठ करून घेतलंय मी त्याच्याकडून. दुसरीच्या पोरांना कविता करून घेतो ना, तसं. कुठं थांबायचं, कुठं हात जोडायचे, सगळं.

काय म्हणालात? बॅनर? हो, अक्षर माझंच आहे. आधीच कसा तयार होता म्हणजे — शाळेत असतात हो बॅनर. आग लागली की काढायचा. —तारीख? तारीख आहे त्याच्यावर, हो. इथून वाचता येतेय तुम्हाला? नजर चांगलीय. आणि वरची ओळ... तीही वाचलीत. 'वणवा विझवण्याचे प्रात्यक्षिक.' हं.

दोन वर्षं झाली मॅडम. तालुक्यानं फोटो पाहिला, जिल्ह्यानं पाहिला, पुरस्कार देणाऱ्यांनी फ्रेम करून दिला. वाचला कोणी नाही. आणि मी मूर्ख, आज इथं लावायला स्वतः पाठवला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आता प्रात्यक्षिक म्हटल्यावर आग लागणारच ना? नाहीतर पोरं झोडपणार काय, हवा? वन दिन होता, वरून पत्र होतं, कृती करून दाखवा आणि फोटो पाठवा. मी काही अडाण्यासारखं नाही केलं. जागा साफ केली, कडेनं माती ओढली, चार बादल्या भरून ठेवल्या. गवत पेटवलं, पोरांनी झोडपलं, दोन मिनिटांत विझलं. संपलं होतं तिथंच. पण फोटोत धूरच दिसेना. म्हणून आणखी थोडं पेटवलं — थोडंच — न् वारा फिरला. करायला गेलो गणपती, झाला मारुती. पोरांना मात्र कुठं चटकासुद्धा लागला नाही, हे लिहून घ्या. —नाही, लिहू नका.

पुंजाची आग ना? ती विझली होती. मी त्याच वाटेनं शाळेत जातो, त्या सकाळी प्रात्यक्षिकाची जागा बघायला थांबलो, त्याच्या मोहाखाली राख होती. हात घालून पाहिला मी. गार.

सांगणार होतो हो! तुम्ही असं बघू नका, सांगणारच होतो. डोंगर धडाधड पेटलेला, मी पोरं मोजतोय, सतराच्या ठिकाणी सोळाच भरताहेत — आणि हा पुंजा आला. सगळ्या पाड्याच्या आधी. अनवाणी, ओलं घोंगडं घेऊन. सतरावं पोर याच्याच काखेत. आणि ते खाली ठेवून माझ्या पाया पडला. "सर, माझाच इंगळ इझायचा राह्यला, तुमची पोरं जळाली असती, मला माफ करा." तो आधी बोलला, मॅडम. मी तोंड उघडलंच होतं. तेवढ्यात महेश गार्ड मागं येऊन उभा, त्यानं ऐकलं, वही काढली. मग मी काय बोलणार? बोलता आलं असतं. नाही बोललो.

तेव्हापासून तो मोहाला जात नाही. घरात चूल पेटवत नाही, काडीला हात लावत नाही, ते सगळं पुतळाबाई करते, त्याची बायको. बिडी सोडली. लोक म्हणतात बरं झालं, बिडी तरी सुटली. मीसुद्धा म्हणालो तसं, त्याच्या तोंडावर. लाज वाटते मला. का नाही वाटणार? दगड आहे का मी? रोज त्याच्या दारावरून शाळेत जातो, तो उठून रामराम करतो. पण चौदा महिने राहिलेत माझे निवृत्तीला, आणि आज तर त्याची केस मिटतेय, मिटली की विषयच संपला, त्याचाही न् माझाही — हो, मला कळतं की तसा नाही संपत. मला शिकवू नका. मी शिक्षक आहे.

थांबा, नाव पुकारलं. बघा, चपला काढून चढला. सांगितलं होतं, स्टेज आहे, देऊळ नाही. ऐका आता. "मी पुंजा सोमा भोये, राहणार आंबेमाळ..." — बरोबर. "माझ्या हातून..." — थांब, थांब, हां, छान. "...माझ्या हातून डोंगर जळाला." हात जोडले, बरोबर. आता शपथ. शपथ घे ना बाबा... हे नाही. हे मी दिलेलं नाही. हे पाठात नव्हतं. "बागुल सर पोरांसाठी आगीत हुबे राह्यले, मी पाप केलं न् सरांनी मला कधी उणा शब्द नाय बोलला..." अरे, गप. गप ना. "...सर हाईत इथं. सर, जरा हुबे ऱ्हा, लोकांना दिसू द्या."

वळले सगळे. मॅडम, तुम्ही नका उठू. तुम्ही कशाला उठताय? मी उठतो. उठलो ना, हा बघा. झालं. —अहो भाऊ, माईक इकडे कशाला आणताय? नको. नको म्हणतो ना. बसा मॅडम. मला काही बोलायचं नाही.