पत्रिकेवरचं दादाचं नाव

आमची वहिनी किती गरीब स्वभावाची, असं तुम्ही सगळे म्हणता, म्हणून सांगतो. दोन हजार चार सालची गोष्ट. माझा मोठा भाऊ दारूपायी जाऊन वर्ष झालं होतं. जिवंत असताना त्याने घरात कुणाला सुखाने जेवू दिलं नाही. त्याच्या मुलीचं लग्न मुरबाडच्या मुलाशी ठरलं, तेव्हा वहिनी, माझे काका आणि मी पत्रिका छापायला शहापूरला गेलो.

छापखानेवाल्याने विचारलं, "वधूपित्याचं नाव?"

काका म्हणाले, "ते नको. नुसती माझी नात म्हणून लिवा. त्याचं नाव वाचून लोक नको ते बोलतील."

खरं सांगतो, मलाही ते पटलं होतं. मी मान हलवली.

वहिनी म्हणाली, "काका, त्यांचा त्रास मी काढला, तुमी नाय. आदल्या दिवशी कितीबी प्यायले असले, तरी सकाळी पोरीला सायकलवर शाळेत त्यांनीच सोडलं. पोर त्यांची हाय. नाव येणार."

"मग या लग्नात मी उभा राहणार नाय," काका म्हणाले.

वहिनीने आवाज चढवला नाही. ती छापखानेवाल्याला म्हणाली, "पोरीच्या बापाचं नाव लिवा. काकांचं निमंत्रकांत हाय, ते ठेवायचं का काढायचं, ते त्यांनाच विचारा."

काका बराच वेळ भिंतीवर लावलेले पत्रिकांचे नमुने बघत राहिले. मग छापखानेवाल्याला म्हणाले, "माझं ठेवा. आन् त्याच्या नावाआधी कैलासवासी पूर्ण लिवा. नुसतं 'कै.' नको."