खिडकीमागचा कॉम्प्युटर

हसू नका, पण रिसोडच्या आमच्या शाळेतला पहिला कॉम्प्युटर मीच. परदेशात शिकताना भाषा शिकणाऱ्यांचं लिखाण तपासणारं एक यंत्र पाहिलं होतं. ते रागावत नाही, नुसत्या चुका दाखवतं. इथे मी, इंग्रजीचा मास्तर, ‘आत कॉम्प्युटर आहे’ असं मुलांना सांगून कोठीखोलीत बसायचो, मुलं खिडकीतून इंग्रजी निबंध सरकवायची आणि मी चुकांखाली रेघ मारून परत द्यायचो.

एकदा नववीतल्या सुमनचा कागद आला. मोडक्या इंग्रजीत लिहिलं होतं, ‘कॉम्प्युटर, बाबा माझी शाळा बंद करणार आहेत. सरांना सांगू नकोस.’

एकही रेघ ओढवेना. खाली लिहिलं, ‘बाबांना रविवारी भेटायला येऊ का?’

कागद बाहेर गेला. मग खिडकीशी दबका आवाज आला, “सर, आजच चाला. उद्या पाहुणे मले पाह्याले येऊन राह्यले.”