काचेची इमारत पडते तेव्हा

टोकियोपासून दूर, तोयामा शहरातल्या थिएटरबाहेर तिकिटाच्या रांगेत कोतोनेच्या पुढे एक म्हातारं जोडपं उभं होतं. त्यांचं बोलणं ऐकून तिला हसू आवरेना.

“अहो, तिसऱ्यांदा तोच सिनेमा! डोंगराएवढा राक्षस समुद्रातून निघतो आणि दर वेळी सरळ टोकियोच गाठतो. पत्ता कोण देतं हो त्याला?”

“तुला कोणी चल म्हटलं होतं का, फुमिए?”

“आणि ते मंत्री! शेपटी खिडकीतून आत आली तरी यांची बैठक चालूच.”

“सगळं पाठ झालंय की तुला.”

“पाठ कसलं? मी फक्त ती काचेची इमारत पडायची वाट बघते.”

“अगं, आपल्या ताकुमाचं ऑफिस आहे ते!”

“म्हणून तर. पितरांच्या ओबोन सणाच्या सुट्टीत आला नाही, नववर्षाला आला नाही. काम म्हणे!”

“पोरगा आत असताना पाडतेस?”

“काहीतरीच काय! नीट बघत जा. आधी भोंगा वाजतो, मग साहेब स्वतः सगळ्यांना घरी पाठवतात.”

तेवढ्यात त्यांचा नंबर आला.

“दोन द्या,” फुमिए खिडकीतल्या मुलीला म्हणाली, “आणि अगदी पुढची द्या. बाहेर पडणाऱ्यांचे चेहरे मागून नीट दिसत नाहीत.”