दादा डॉक्टरांपुढे न लंगडता चालला

मला एक सांगा, माणूस डॉक्टरांकडे कशासाठी जातो? दुखतं ते सांगायला, की दुखत नाही हे पटवायला? तुम्ही म्हणाल, सांगायला! अर्थात! पण आमचा दादा... माझा सख्खा थोरला भाऊ हो! मांडीच्या हाडाचा कर्करोग झाला, गुडघ्याजवळचं हाड काढून धातूचा सांधा बसवला, औषधांनी डोक्यावरचा केस न् केस गेला, आणि एवढं सगळं देवाच्या कृपेनं निभावल्यावर उरलं काय? तर दर तीन महिन्यांनी जायचं, पाय दाखवायचा, छातीचा फोटो काढायचा, आणि दुखत असेल तर सांगायचं. अहो, एवढंच तर काम!

पण नाही! दादाच्या लेखी ती तपासणी नव्हेच, परीक्षा. आदल्या संध्याकाळी घरात तालीम! दारापासून बेसिनपर्यंत, बेसिनपासून दारापर्यंत.

"बघ रे, लंगडतोय का?"

"लंगडतोस."

"नीट बघ!"

"नीट पाहिलं तर जास्तच लंगडतोस."

आतून वहिनी म्हणते, "अहो, जिना उतरताना कळ येते, ते उद्या सांगा हं."

"तू गप्प बस! तू बोलतेस म्हणून ते पुढची तारीख जवळची देतात!"

आता याला काय म्हणावं? दुखत असेल तर सांगायचं. एवढंच तर काम!

दुसऱ्या दिवशी रुग्णालयाच्या दारात त्यानं आपली काठी माझ्या हातात कोंबली. "कुणी विचारलं तर तुझी म्हण." माझी? मी खोटं बोलू? देवानं मला दोन्ही पाय धड दिलेत, त्याचे आभार असे मानू? मी काठी आडवी, सगळ्यांना दिसेल अशी धरून बसलो. पण डॉक्टरांची नजर दादावर. आणि दादा काय चालला म्हणता! छाती पुढे, ओठ घट्ट, कपाळावर घाम...

"कुठे दुखतं का?"

"छे! नाव नको!"

वहिनीनं तोंड उघडलं, तर यानं असं पाहिलं की बिचारीनं तोंड मिटून पदर सावरला. डॉक्टर मात्र इतके खूश, की त्यांनी हाताखालच्या सगळ्या शिकाऊ डॉक्टरांना बोलावलं. "पाहा, शस्त्रक्रियेनंतर चाल अशी हवी! काका, जरा त्या टोकापर्यंत जाऊन या." गेला. आला. "आता भरभर." गेला... "आता जिना उतरून दाखवा."

पहिल्याच पायरीवर दादानं कठडा धरला, मट्कन खाली बसला आणि लहान पोरासारखा ओरडला, "दुखतंय हो! फार दुखतंय! दोन महिने दुखतंय!"

मग फोटो निघाले, गुडघ्याचे, छातीचे. आम्ही तिघं बाकावर. दादानं माझं मनगट पकडलं, आणि अगदी हळू म्हणाला, "मी बोललो नाही... वाटलं, बोललो तर तो परत आलेला असेल." आता सांगा, यावर मी काय उपदेश करणार? मी मनातल्या मनात देवाचं नाव घेत राहिलो.

तो परत आला नव्हता. छाती स्वच्छ होती. सांधा सैल झाला होता. डॉक्टर म्हणाले, "काका, वेळीच बोलला असतात तर कदाचित विश्रांतीवर भागलं असतं. आता पाय पुन्हा उघडावा लागेल."

उघडला. पुन्हा टाके, पुन्हा पलंग, पुन्हा एक-एक पाऊल. पण ती काही खरी शिक्षा नव्हे. आता तपासणीला गेलं की डॉक्टर दादाकडे ढुंकूनही पाहत नाहीत. सरळ विचारतात, "काकू, तुम्ही सांगा, कुठे दुखतं?" आणि वहिनी सांगते... पायाचं सांगते, झोपेचं सांगते, चोरून खाल्लेल्या गोडाचं सांगते, तिला कसा बोलला तेही सांगते! दादा मधेच म्हणतो, "अहो डॉक्टर, पाय माझा आहे!"

डॉक्टर मान वर न करता म्हणतात, "काका, तुम्ही बाहेर बसा."

आणि तो बसतो. काय करणार?