आधी तिघं एक का ते सांग

काकू, सरांच्या घरची सगळी मंडळी, बुधवाऱ्यातले शेजारी, आणि सकाळच्या बॅचच्या मुलामुलींनो,

तुम्ही इतके जण आलात की शेवटचे लोक जिन्यात उभे आहेत. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी दोनदा नाही म्हटलं. सरांचा फोटो इथे शेजारीच ठेवलाय. त्याच्याकडे बघितलं की शब्द सुचत नाहीत. तरी बोलते. मधेच थांबले तर सांभाळून घ्या.

मी सविता. खकनार गावची. इथे शहरात, इतवाऱ्यात मावशीकडे राहून सहा वर्षांपूर्वी नारखेडे सरांच्या क्लासला आले. शाळेतून रिटायर झाल्यावर सर याच घराच्या वरच्या खोलीत परीक्षांची तयारी करून घ्यायचे. रोज सकाळी सहाला. मला इंग्रजी अक्षरांची धास्ती होती. चार अक्षरगट द्यायचे आणि त्यातला वेगळा ओळखा म्हणायचं, हे बघून मला वाटायचं, हे आपलं काम नाही.

सरांनी विचारलं, "घरी काय पिकवता?"

म्हटलं, "केळी."

"मग घाबरते कशाला? घडाला फण्या असतात ना? ही अक्षरं म्हणजे पाच फण्या. एकेका फणीत पाच अक्षरं. ई, जे, ओ, टी, वाय, हे प्रत्येक फणीचं शेवटचं केळं. झेड उरला, तो दांड्याला."

त्या दिवसापासून मी अक्षरं फणीने मोजते. आजही ऑफिसात फायली लावताना मोजते. लोक हसतात. हसू देत.

सरांचा एक नियम होता. मुलांनो, तुम्हाला पाठ आहे. उत्तर ओरडायचं नाही. पेन खाली. चाळीस सेकंद कोणी बोलायचं नाही. मग सर एकाला उठवायचे आणि म्हणायचे, "वेगळा कोण ते मागून सांग. आधी तिघं एक का ते सांग." आम्ही किती चिडायचो! "सर, ये तो पक्का है, टाइम क्यों खराब करें?" सर म्हणायचे, "पक्का आहे ना? मग कारण सांगायला काय जातं तुझं?"

एक दिवस त्यांनी फळ्यावर चार गट लिहिले. बी-डी-एफ. जी-आय-के. एम-ओ-क्यू. एस-यू-एक्स. मला उठवलं. मी म्हटलं, "बाकी तिघांत मधे स्वर आहे. आय, ओ, यू. पहिल्यात स्वरच नाही. म्हणून बी-डी-एफ वेगळा."

सर म्हणाले, "चूक. बस."

मग त्यांनी समजावलं. पहिल्या तिन्ही गटांत एकेक अक्षर सोडून पुढचं घेतलंय, शेवटच्या गटात यू नंतर एकदम दोन सोडलीत, म्हणून एस-यू-एक्स वेगळा. बरोबर होतं ते. मी बसले. त्या दिवशी मावशीला सांगून टाकलं की आता क्लास बंद, मी गावाला जाते.

दुसऱ्या दिवशी पिशवी भरत होते, तर सर मावशीच्या दारात! सकाळी साडेपाचला. स्वेटर उलटा घातलेला. म्हणाले, "सविता, तुझं कारण खरं होतं. मी माझंच उत्तर धरून बसलो होतो. चल."

वर्गात आल्यावर सगळ्यांसमोर तेच पुन्हा बोलले. "पेपरात एकाच उत्तराला खूण करायची, म्हणून अक्षरांमधलं अंतर आधी बघा. पण खऱ्या कारणाला मी चूक म्हटलं. ती माझी चूक." आणि खडू माझ्या हातात दिला. स्वतः खाली सतरंजीवर, मुलांच्या शेजारी जाऊन बसले. त्या दिवशी मी पहिल्यांदा शिकवलं. फळ्यावर माझे जी आणि क्यू सारखेच दिसत होते.

आता जे सांगायचं आहे ते सांगते. काकूंना माहीत आहे. गेल्या महिन्यात सर खाटेवर होते. मला बोलावून म्हणाले, "सकाळची बॅच तू घे बेटा." मी म्हटलं, "सर, नोकरी आहे, घर आहे, बघू." बघू म्हटलं मी! त्या माणसाला, जो उलटा स्वेटर घालून माझ्यासाठी इतवाऱ्यात आला होता. सरांनी नुसती मान हलवली. ते माझ्या मनातून जात नाही आणि जाऊही नये.

परवा तुमच्या बॅचच्या दीपालीचा फोन आला. "दीदी, परीक्षा पुढच्या रविवारी आहे. क्लास बंद झाला का?" मी सांगितलं, "विचारून सांगते." तर काकू, सगळ्यांसमोर विचारते. तेराव्यापर्यंत थांबलं तर परीक्षा होऊन जाईल. वरची खोली उद्या उघडाल?

काकूंनी मान डोलावली. बघितलंत ना सगळ्यांनी?

मग ऐका मुलांनो. उद्या सकाळी सहा. परीक्षेपर्यंत रोज, आणि परीक्षेनंतरही. नोकरी साडेदहाला सुरू होते, तोवर मी तुमची. रडू आलं तर रडत शिकवीन, पण खडू खाली ठेवणार नाही. कोणाचं कारण खरं असेल आणि मी चूक म्हटलं, तर मला सतरंजीवर बसवा. लाजू नका.

सर, उशीर झाला. पण "बघू" मी परत घेते.

आता सगळे उभे राहू या. सरांना आवडायची तशीच शांतता पाळू. फोन बंद. पेन खाली. कोणी बोलायचं नाही.

चाळीस सेकंद.