डोंगरात शिरताना कूक घालूची

माझा माहेर जामसंड्याक, देवगडच्या बाजूक. थय दर्याचो वारो, आंब्याच्ये बागे, सगळा उघडा, कोण येता ता लांबसून दिसता. बापूस माझो आंब्याच्ये पेट्ये भरूक जायचो, गवतार हापूस असो हळू निजवायचो जसा काय तान्ह्या पोर. आणि माका दिल्यानी खंय, तर ह्या इन्सुलीच्या वरच्या डोंगरात. एसटी खाली हायवेर सोडून गेली, मगे चलतंय चलतंय, दोनी बाजूक रान, मी भावाक इचारलंय, रे, हय माणसा रवतत काय? तो म्हणालो, रवतत गो, आता तूय रवतलंस.

काय सांगू तुका बाय, पयल्या वर्सा माका भायर पाय घालूक भय वाटायचा. सासू माझी शाणी. माका पयल्यांदा काजीच्या बागेत नेल्यान तेव्हा त्या वाटेर एक फणस आसा, अजून आसा, तू येताना बघलंस तो, त्येच्या मुळात माका उभी केल्यान आणि म्हणाली, गो, हयसून वर जावचा तर कूक घालूची. मी म्हटलंय, कोणाक? वर तर कोण नाय. ती म्हणाली, आसत. तू कोणाच्या घराक गेलंस की खळ्यात, भायर आंगणात, उभी रवन साद घालतंस मा, गो, आसंस काय घरात म्हणान, तशी घालूची. वर जा कोण आसात त्येका कळाक होया माणूस येता. ता आपल्या वाटेन जाता, तू आपल्या कामाक लाग. आणि दोनी हात तोंडाकडे धरून तिना अशी लांब कूक घातल्यान काय ती पलीकडच्या डोंगराक लागान परत इली. मगे म्हणाली, आता तू. माझ्या तोंडातसून मांजराचो आवाज इलो. सासू हसान हसान खाली बसली. पण तेव्हापासून फणसाकडे कूक घातल्याबिगर आमच्या घरातला कोण वर गेला नाय. अस्वल आसो, गवो आसो, डुकर आसो, कूक आयकली की ता सरता. आमच्यातला कोणाक कधी कायएक झाला नाय. ता सगळा त्या एका दिवसापर्यंत.

आमचो घोव, ह्ये, गावात सगळे ह्येंका अण्णा म्हणतत. गरीब माणूस. काजीची बाग, थोडा भात, येसन कसला नाय. चार माणसांत बसले तर भिंतीक लागान बसतले, कोणी इचारला तर बोलतले. झील आमचो सुनील गोव्याक कामाक, त्येना आपलो जुनो फोन ह्येंका दिल्यान की बाबा, नातीचा तोंड बघशात. नात म्हणजे तनू, तेव्हा रांगत होती. तर नातीचा तोंड बघता बघता ह्ये फोटो काडूक शिकले. पयलो फोटो माझोच, चुलीकडे, डोळे मिटलेले. मगे धनेश, शेकरू, फुलपाखरा, काय दिसात ता. गावाच्या ग्रुपार टाकायचे. लोक म्हणाक लागले, अण्णानू, झकास. शाळेतल्या मास्तरांनी त्या धनेशाचो फोटो मोठो करून वर्गात लायल्यानी. ह्ये त्या दिवशी इस्त्रीचो शर्ट घालून शाळेकडे गेले, आत नाय गेले, खिडकेतसून बघल्यानी आणि परत इले. माका सांगताना हसत होते. इतकी वर्सा संसार केलो पण इतके खुशीत ह्ये माका कधी दिसले नव्हते. म्हणान त्या फोनाक मी आजपण शिव्या देवक जातंय आणि माझ्या तोंडातसून येवक नाय.

काजीचे दिवस इले, बोंडू, काजीची ती रसाळ फळा, पडाक लागले की अस्वल येता. बोंडवाचो वास त्येका खंयसून खंय कळता. ता पाण्याच्या व्हाळाच्या पलीकडे खाय होता, ह्येंनी बागेतल्या मांगराकडसून, खोपीकडसून, त्येचो फोटो काडल्यानी. लांबसून काडल्यानी म्हणान फोटोत काय, एक काळो ठिपको. तो ग्रुपार टाकल्यानी. एकान लिवल्यान, अण्णानू, ह्यो जळलेलो खुटो कोणाचो? दुसरो म्हणालो, कोणाच्या म्हशीचा रेडकू चुकला वाटता. मस्करीच ती, आमच्याकडे मस्करेबिगर माणसाक जेवण जाणा नाय. ह्ये पण हसले. पण पेजेचो वाडगो तसोच निवत रवलो, आणि ह्ये दोन बोटांनी तो फोटो मोठो करून करून बघत बसले. ठिपको मोठो होयचो, पण त्येचा अस्वल काय होयना.

त्याच दिसांत रानखात्याचो गार्ड गावात इलो होतो, घाटावरचो माणूस, त्येना देवळाकडे सगळ्यांका बसवून सांगल्यान, अस्वल दिसलं तर लांबूनच बघा, जवळ जाऊ नका, ते खायचं थांबून तुमच्याकडं बघायला लागलं तर समजा तुम्ही फार जवळ आलात, हळूहळू मागं या, आणि पिल्लू असेल तर फोटोचं नावच काढू नका. ह्येंनी मान हलयल्यानी. सगळ्यात आदी ह्येंनीच हलयल्यानी.

मगे तो दिवस. सकाळची वेळ, उन नुकता इला होता. आमी दोघा बोंडू पिळून काजी काडूक वर निघालाव, माझ्या डोक्यार पाटी, हातात कोयतो. फणसाकडे इलाव आणि मी हात तोंडाकडे नेलंय, तर ह्येंनी माझो हात धरल्यानी. म्हणाले, आज नको गो. मी म्हटलंय, काय नको? म्हणाले, कूक नको घालू, ता पळान जाता. एकच फोटो काडतंय, नाक-डोळे दिसतले असो एक, मगे घाल तुका होयी तितकी. मी म्हटलंय, ओ, असा करू नये, सासू काय सांगान गेली? तर म्हणाले, तिच्या येळाक फोन खंय होतो? आणि हसले. मी रागान थयच मुळार बसलंय. मी म्हटलंय, जावा तुमी, तुमचो फोटो होवंदे, मी येणा नाय. ते गेले. चपला हातात घेवन गेले, पाचोळो वाजात म्हणान. पन्नाशी उलटलेलो माणूस, काजीच्या चोरासारखो आपल्याच बागेत पाय टेकीत टेकीत गेलो.

मी बसलंय. मगे वरसून एक आवाज इलो, तो कसो होतो ता माका सांगूक येणा नाय बाय, तू इचारू नको. आणि त्येच्यात ह्येंचो आवाज. मी पाटी टाकलंय, कोयत्यान वाटेतल्या फातराक मारीत मारीत धावलंय आणि कूक घातलंय, एक घातलंय, दुसरी घातलंय, जीव खावन घातलंय. मी पोचलंय तेव्हा ता जनावर उतरणीक लागला होता, पाठीर पिल्लू होता, पिल्लान दोनी हातांनी आवशीची केसा धरल्यान होती. ती पळत होती तशी माका वाटला, ही पण भियाली आसा.

ह्येंच्या तोंडार मी माझो पदर घातलंय. पयली गोष्ट ह्येंनी काय बोलल्यानी सांगू? म्हणाले, फोनात ती लांब होती गो. खराच सांगत होते. काचेत बघून चलत रवले, काचेत ती ठिपक्याएवढी, म्हणान एक पाऊल फुडे, अजून एक फुडे. डोळे वर करून बघूक ह्येंका सुचला नाय. गावातल्या दादल्यांनी डोलीसारख्या पाटल्यार घालून, खांद्यार घेवन खाली हायवेर नेल्यानी, थयसून गाडयेन गोव्याच्या मोठ्या हॉस्पिटलात. डाक्टरांनी जीव वाचयल्यानी, देव त्येंचा बरा करो. पण डोळे दोनी गेले. नाक गेला. गाल हयसून हय शिवलेलो.

घराक इलाव तेव्हा गावातले म्हणाक लागले, त्या अस्वलाचो बंदोबस्त करूक होयो. ह्ये खाटीर होते, थयसून म्हणाले, कसलो बंदोबस्त? मी साद न घालता तिच्या घरात शिरलंय. तेवढाच बोलले आणि कूस बदलल्यानी.

फोन मगे सुनीलाक पाचोळ्यात गावलो. त्येना उघडून बघल्यान आणि माझ्याकडे दिल्यान. शेवटचो फोटो. इतको सुंदर फोटो ह्येंनी जल्मात काडल्यानी नव्हतो. नाक, डोळे, ओठाक लागलेलो बोंडवाचो रस, पिल्लाचे कान, सगळा दिसता. ह्येंका कळला फोन गावलो म्हणान. माका म्हणाले, कसो इलो गो? मी म्हटलंय, बरो इलो. म्हणाले, खाता काय ती? माका खोटा बोलूक जमाक नाय. मी म्हटलंय, बोंडू तोंडात आसा, पण खाय नाय. तिचे डोळे तुमच्याकडे आसत.  ह्ये म्हणाले, गार्ड सांगान गेलो होतो. तो फोटो ग्रुपार टाकूया काय म्हणान कोणीतरी इचारल्यान, ह्ये नको म्हणाले.

पण बाय, डोळ्याचा दुख्ख एक वेळ पचात. न पचणारा वेगळाच. तनू मे महिन्यात इली. ही ह्येंच्या मांडयेर निजणारी नात, फोनात आजो आजो करणारी. ह्येंनी हात फुडे केल्यानी आणि पोर किंचाळली, आवशीच्या मागे गेली, तापान फणफणली. पोराची चूक नाय, तोंडच तसा झाला, मी रोज धुतंय तर माकाय सवय होवक दिवस लागले. ह्येंका दिसणा नाय, पण आयकाक येता. ती किंकाळी ह्येंनी आयकल्यानी. दुसऱ्या दिवसापासून तोंडार पंचो बांधूक लागले.

आणि मगे काय सुरू केल्यानी सांगू? खोलयेतसून खळ्यात येवच्या आदी दारात उभे रवतत आणि कूक घालतत. हळू, पण घालतत. मी इचारलंय, ह्या कशाक ओ? म्हणाले, भायर कोण आसात त्येका कळाक होया. पोरा खेळत आसतली, शेजारची कोण बायल इली आसतली. ज्येका सराचा त्येना सराचा. बाय, त्या दिवशी चुलीकडे जावन मी पोटभर रडलंय. हो माणूस आपल्याच खळ्यात येताना लोकांका सावध करता.

ह्या वर्सा तनू परत इली. जवळ नाय इली. पण ह्येंनी दारातसून कूक घातल्यानी तर आतल्या खोलयेतसून, दाराआडसून, तिना कूक दिल्यान. बारीक, मांजराच्या आवाजाची, माझी पयली होती तशी. ह्ये थयच थांबले, फुडे इले नाय, पोर आपली लांब रवांदे म्हणान. पंचो भिजलो होतो. दिसणा नाय त्या डोळ्यांतसून, पण पाणी अजून येता.

आता काजीत मी एकटीच जातंय. फणसाकडे उभी रवतंय, हात तोंडाकडे धरतंय, कूक घालतंय वरच्या जनावराक. आणि खालसून, खळ्यातसून, ह्ये माका कूक देतत. ती आयकल्याबिगर माझो पाय उचलणा नाय. चल, उन झाला, तुका एसटी गावाक होयी. देव तुझा बरा करो. परत येशीत तेव्हा बेड्याकडसूनच, वयीच्या फाटकाकडसूनच, एक कूक घाल, बाय. ह्येंका तेवढो येळ लागता पंचो बांधूक.