धनराजभाऊचा अबोला

स्वतंत्र संचालक खरोखर किती स्वतंत्र असतो, हे मोजायची पद्धत शोधण्यात दिव्यानीची पीएचडी अडून बसली होती. वरोऱ्याच्या बसस्थानकावर मागच्या बाकावरून तोच शब्द कानावर आला आणि तिनं समोर लागलेली चंद्रपूरची बस खुशाल जाऊ दिली.

"कमळाबाई, आपल्या सोयाबीन कंपनीले स्वतंत्र संचालक पायजे, हे खरं. पण अध्यक्ष तुमी. तुमच्या मुठीत नसलेला मानूस गावात आनाचा कुठून?"

"धनराजभाऊ हाये ना, गुणवंतराव. बांधावरून भांडन झालं तवापासून माह्याशी बोलत नाई. मी हो म्हटलं का तो नाई म्हनते."

"त्यालेच विचारलं मी. तयार हाये."

"बरं झालं!"

"लय खूश झाला. म्हने, बाईनं एवढा मान देल्ला, आता कायचं भांडन? पोरीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आज संध्याकाळी तुमच्या घरी येऊन राह्यला."

"माह्या घरी?"

"हो."

"मंग तो स्वतंत्र कुठी राह्यला?"

"आता मी काय करू? येऊ नको म्हनू त्याले?"

"असं कसं म्हनता! येऊ द्या. पोरगी माह्या अंगाखांद्यावर खेळली हाये. वडाभात करतो. पन बैठकीत माह्या विरोधात बोलाचं, हे जेवतानाच सांगून ठेवतो."

"अन् नाई बोलला तर?"

"तर मंग मीच त्याच्याशी बोलनं बंद करीन."